ताळा जुळला, तारीख हुकली

या शनिवार-रविवारचा विषय जरा कोरडा वाटेल: घरचा हिशेब ठेवायचं सॉफ्टवेअर. पण थांबा, लगेच खिडकी बंद करू नका. :) आपल्यापैकी बहुतेकांचा पगार महिन्याच्या सुरुवातीला येतो, पाच तारखेला घराचा हप्ता जातो, सात तारखेला एसआयपी जाते आणि वीस तारखेला प्रश्न पडतो, की पैसे गेले कुठे? मग कोणी एक्सेल उघडतं, कोणी मोबाईलवर अ‍ॅप टाकतं, आणि तीन महिन्यांत दोन्ही बंद पडतं. मला हिशेबापेक्षा हिशेबाच्या प्रोग्रॅमचा कोड वाचायला जास्त आवडतं (धंद्याचा दोष, दुसरं काय). तो वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली, तीच आज सांगायची आहे.

हिशेबातल्या चुका दोन जातींच्या असतात. एक जात ताळा बिघडवते, आणि म्हणून सापडते. दुसऱ्या जातीत ताळा अगदी शेवटच्या पैशापर्यंत जुळतो आणि हिशेब तरीही चुकलेला असतो. ग्नूकॅश नावाच्या एका मुक्त प्रोग्रॅमच्या पंचवीस-तीस वर्षांच्या इतिहासात या दोन्ही जाती भेटतात. तोच इतिहास आज.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत १९८३ साली स्कॉट कुक आणि टॉम प्रू यांनी इंट्युइट ही कंपनी काढली. क्विकन हे तिचं सुरुवातीचं उत्पादन. पडद्यावर चेकबुकासारखी मांडणी. तारीख, कोणाला, किती... बस्स. अकाउंटन्सी न शिकलेल्या माणसालाही जमेल असं. १९९१ मध्ये मायक्रोसॉफ्टनं 'मनी' आणलं. दोन्ही प्रोग्रॅम विकत घ्यायचे, दोन्हींचा कोड बंद, आणि लिनक्स वापरणाऱ्या मंडळींसाठी दोन्हींपैकी एकही नव्हतं. लिनक्सवाल्यांनी मग नेहमीचाच उद्योग केला: नाही ना, मग आपणच लिहू. १९९७ मध्ये रॉबिन क्लार्क यानं एक्स-अकाउंटंट नावाचा प्रोग्रॅम लिहिला. लिनास वेपस्तास यानं तो पुढे नेला, त्यात दुहेरी नोंद पद्धत बसवली, आणि १९९८ च्या सुमारास त्याचं नाव ग्नूकॅश झालं. वरून दिसायला क्विकनसारखी चेकबुकाची वही, आणि आत पेढीवर चालावा असा पक्का दुहेरी हिशेब.

दुहेरी नोंद म्हणजे काय, हे कॉमर्सवाल्यांना सांगायला नको. पण आपण बहुतेक सायन्सवाले, म्हणून दोन ओळी. विजेचं १,८०० रुपयांचं बिल बँकेतून भरलं, तर वीजखर्च खात्याला १,८०० नावे आणि बँक खात्याला १,८०० जमा. प्रत्येक व्यवहाराच्या दोन बाजू, दोन्हींची बेरीज शून्य. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांत ही पद्धत आधीपासून होती. लुका पाचोली या गणितज्ञ भिक्षूनं १४९४ साली छापलेल्या ग्रंथात ती व्यवस्थित मांडली. आपल्याकडेही किर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद असे शब्द आहेतच, आणि डेबिट-क्रेडिटला नावे-जमा हे आपले जुने शब्द मला जास्त आवडतात. प्रोग्रॅमरच्या नजरेनं पाहिलं तर हा सरळसरळ चेकसम आहे. प्रत्येक नोंद स्वतःचा पुरावा सोबत घेऊन येते. बेरीज शून्य नसेल तर कुठेतरी घोळ आहे, हे प्रोग्रॅमला माणसाला न विचारता कळतं.

कळतं, पण मग करायचं काय? समजा वापरणाऱ्यानं एकच बाजू भरली आणि दुसरी विसरला. एक मार्ग म्हणजे नोंद नाकारायची. पण चार वेळा नाकारली की माणूस वैतागून हिशेबच सोडून देतो. दुसरा मार्ग, फरक गुपचूप कशाततरी मुरवायचा. ग्नूकॅशनं तिसरा मार्ग धरला. प्रोग्रॅम आपणहून 'इम्बॅलन्स' नावाचं खातं उघडतो, त्याला चलनाचं शेपूट लावतो (आपल्याकडे इम्बॅलन्स-आयएनआर) आणि फरक तिथे टाकतो. खात्यांच्या यादीत हे खातं बँक, किराणा, पेट्रोल यांच्या पंगतीतच बसलेलं दिसतं. त्यात शिल्लक आहे तोवर ते डोळ्यांत खुपत राहतं.

हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला बाबांची वही आठवली. ते रोजचा खर्च लिहायचे. महिनाअखेरीला हातातली रोकड आणि वहीतली शिल्लक जुळली नाही, तर एक वेगळी ओळ घालायचे: 'चूकभूल रु. ७.५०'. ती रक्कम भाजीत किंवा दुधात ढकलून पान स्वच्छ करायचे नाहीत. पुढे कधी आठवलं तर त्याच ओळीशेजारी बारीक अक्षरात लिहायचे, 'न्हाव्याचे'. मराठी इंटरनेटच्या सुरुवातीच्या दिवसांत आपण जिथे तिथे 'चूभूद्याघ्या' लिहीत सुटलो होतो, पण ती ओळ मुळात हिशेबाच्या कागदाच्या तळाशी शोभणारी. चूक होणारच हे गृहीत धरायचं, आणि तिला स्वतःची जागा द्यायची. असो.

आता पहिल्या जातीच्या चुकीकडे वळू. कॉम्प्युटर अपूर्णांक साठवताना बायनरीत साठवतो. तिथे ०.१ हा आकडा नेमका मांडताच येत नाही, जसा आपल्या दशांशात एक तृतीयांश मांडता येत नाही तसा. शून्यात ०.१ दहा वेळा मिळवून पाहा. बहुतेक भाषांमध्ये उत्तर १ न येता ०.९९९९९९९९९९९९९९९९ येतं. एवढ्याशानं काय बिघडतं? व्हँकुव्हरच्या शेअर बाजाराची गोष्ट या बाबतीत प्रसिद्ध आहे. १९८२ च्या जानेवारीत तिथला निर्देशांक १००० वर सुरू झाला. प्रत्येक सौद्यानंतर तो नव्यानं मोजला जाई आणि तीन दशांशस्थळांपुढचे आकडे नुसते छाटून टाकले जात. प्रश्न बायनरीचा नव्हता, छाटण्याचा होता. पण दिवसातून हजारो वेळा छाटल्यामुळे १९८३ च्या नोव्हेंबरपर्यंत निर्देशांक ५२४ च्या आसपास घसरला. नीट मोजल्यावर खरा आकडा निघाला १०९८ च्या वर! बाजार वर चढत होता आणि पाटी अर्धी होत होती.

एक्स-अकाउंटंट आणि ग्नूकॅशच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत रकमा अशाच बायनरी अपूर्णांकांत होत्या. मग 'दोन आकड्यांतला फरक अगदी नगण्य असेल तर ते सारखेच समजा' अशी ठिगळं कोडमध्ये लावावी लागत. म्हणजे ज्या पद्धतीचा सगळा जीव 'बेरीज नेमकी शून्य' या अटीत, तिलाच 'साधारण शून्य' चालवून घ्यायला शिकवायचं. २००० साली बिल ग्रिबल यानं यावर मुळातून काम केलं. त्यानं पैशांसाठी वेगळा प्रकारच लिहिला: एक अंश, एक छेद, दोन्ही ६४ बिटांचे पूर्णांक. साडेबारा रुपये म्हणजे १२५० छेद १००. २००१ च्या १.६ या आवृत्तीपासून हे लोकांच्या हातात आलं. त्याच आवृत्तीत बायनरी फाईल जाऊन एक्सएमएल फाईल आली.

आता तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? सगळं पैशांत मोजा, पूर्णांकच वापरा. नुसत्या बँकेसाठी ते चाललं असतं. पण तुमची एसआयपी घ्या. दरमहा ५,००० रुपये, आणि त्या दिवशीची एनएव्ही समजा ३७.४२१६ (मुद्रांक शुल्क वगैरे बाजूला ठेवू). भागाकार केला तर १३३.६१२६७ च्या पुढे आकडे येतात. फंड हाऊस तीन दशांशांपर्यंत पूर्ण करून १३३.६१३ युनिट देतं. आता उलट गुणाकार करा: १३३.६१३ गुणिले ३७.४२१६ बरोबर ५,०००.०१२२. बँकेतून गेले ५,००० आणि फंडात पोचले ५,०००.०१! एक पैसा आकाशातून पडला. जुन्या ग्नूकॅशमध्ये प्रत्येक नोंदीत युनिट आणि भाव साठवलेले असत, आणि रक्कम त्यांच्या गुणाकारातून काढली जाई. नव्या रचनेत युनिट साठवतात आणि प्रत्यक्ष गेलेली रक्कम साठवतात. भाव हवा असेल तर भागाकारानं काढतात. वाचायला किरकोळ बदल आहे, पण त्यामागे एक निर्णय आहे. युनिट किती मिळाले आणि पैसे किती गेले, या दोन गोष्टी खरोखर घडलेल्या आहेत. भाव त्यांच्यातलं गुणोत्तर आहे. जे घडलं ते लिहून ठेवा, जे काढता येतं ते काढा.

अपूर्णांकांचं दुखणं तिथेही पूर्ण संपलं नाही. वेगवेगळे छेद मिसळले की सामाईक छेद फुगत जातो, आणि ६४ बिटांची जागा पुरत नाही. म्हणून २००४ मध्ये वेपस्तासनं मधल्या गणितासाठी १२८ बिटांची तजवीज केली, आणि पुढे जॉन राल्स यानं हा सगळा भाग सी-प्लस-प्लसमध्ये नव्यानं लिहिला. पण एक पाहा: या सगळ्या भानगडीत ताळा स्वतःच ओरडत होता. बेरीज शून्य येत नव्हती म्हणून चूक दिसत होती, आणि दिसत होती म्हणून कोणीतरी ती धरली. पहिल्या जातीच्या चुकीचं हेच सुख.

आता दुसरी जात. ही जास्त शांत आहे.

प्रत्येक नोंदीला तारीख असते. तुम्ही १ एप्रिल लिहिता. तुमच्या डोक्यात ती नुसती तारीख असते, कॅलेंडरवरचा एक चौकोन. पण ग्नूकॅशच्या सुरुवातीच्या रचनेत नुसती तारीख अशी चीजच नव्हती. होता तो क्षण. १ एप्रिल म्हणजे १ एप्रिलची मध्यरात्र, शून्य वाजून शून्य मिनिटं, तुमच्या गावच्या घड्याळानं. पुण्यात २००५ साली लिहिलेली नोंद घ्या. पुण्याचं घड्याळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे हा क्षण जागतिक वेळेनुसार ३१ मार्चच्या संध्याकाळचे साडेसहा. आता हीच फाईल लॅपटॉपमधून कॅलिफोर्नियात गेली. आपल्यापैकी किती जण त्या काळात अशी वारी करत होते ते सांगायला नको. तिथे त्या क्षणी ३१ मार्चची सकाळ होती. प्रोग्रॅम इमानेइतबारे दाखवणार: ३१ मार्च.

एक दिवसानं काय फरक पडतो? आपलं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. १ एप्रिलला विकलेल्या शेअरचा नफा ३१ मार्चला गेला, तर तो गेल्या वर्षाच्या उत्पन्नात बसला. या वर्षीचा रिपोर्ट कमी, गेल्या वर्षीचा जास्त, आणि गेल्या वर्षीचं रिटर्न तर भरून झालेलं. अमेरिकेत हेच १ जानेवारी आणि ३१ डिसेंबरच्या बाबतीत. त्यासाठी देशही बदलायला नको. न्यूयॉर्कमध्ये लिहिलेली नोंद कॅलिफोर्नियात उघडली तरी तेच.

आणि ताळा? ताळा झकास जुळतो! नावे आणि जमा या दोन्ही बाजू एकाच व्यवहाराच्या पोटात, दोन्ही एकत्रच एक दिवस मागे सरकतात. बेरीज शून्यच राहते. इम्बॅलन्स खातं रिकामं. तेरीज स्वच्छ. ज्या चेकसमचं मी वर एवढं कौतुक केलं, त्याला या चुकीचा वासही येत नाही.

वर अजून एक खोडी होती. पश्चिमेकडे गेलं तरच तारीख सरकते. कॅलिफोर्नियात मध्यरात्रीची मोहोर लावून लिहिलेली नोंद भारतात उघडली तर इथे दुपार असते, त्याच तारखेची. म्हणजे एकाला चूक रोज दिसते, आणि दुसरा म्हणतो, 'माझ्याकडे तर व्यवस्थित चालतंय.' बरं, एका गावात राहणाऱ्याला ती आयुष्यात कधीच दिसत नाही. आपण सगळ्यांनी अशा बगांवर रात्री घालवल्या आहेत. ज्याला बग दिसतो त्याच्याकडे कोड नाही, ज्याच्याकडे कोड आहे त्याच्याकडे बग नाही.

चूक कळून तरी काय, ती पटकन सुटण्यातली नव्हती. काम करणारी माणसं मोजकी आणि हौशी. २००० च्या सुमारास ग्नुमॅटिक नावाच्या एका छोट्या कंपनीनं पगारी लोक लावून पाहिले, पण ती टिकली नाही. पुढे ग्नोम या डेस्कटॉपची दुसरी आवृत्ती २००२ मध्ये आली आणि ग्नूकॅशच्या खिडक्या ज्या पायावर उभ्या होत्या तो पायाच जुना झाला. फेब्रुवारी २००३ ची १.८ आवृत्ती जुन्याच पायावर होती; नव्या पायावरची २.० यायला जुलै २००६ उजाडला. तीन वर्षांहून जास्त काळ, आणि त्यातला मोठा भाग आहे तेच घर पुन्हा उभं करण्यात. २००७ मध्ये २.२ बरोबर विंडोजवर आगमन, २०१० च्या डिसेंबरमध्ये २.४ बरोबर एसक्यूएल डेटाबेस. या सगळ्यात तारखेचा प्रश्न माहीत असूनही मागे मागे राहिला. कारण तो सोडवायचा म्हणजे जगभर पसरलेल्या जुन्या फायलींना हात लावायचा. हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये याहून भीतीदायक काम नाही.

शेवटी जे उत्तर निघालं ते मला फार आवडतं. २०१८ च्या एप्रिलमध्ये आलेल्या ३.० या पिढीत नोंदीची तारीख मध्यरात्रीऐवजी जागतिक वेळेच्या १०:५९ ला बांधलेली आहे. हा विचित्र आकडा कुठून आला? हिशेब करून पाहा. हवाई जागतिक वेळेच्या दहा तास मागे. तिथे तेव्हा मध्यरात्र उलटून ५९ मिनिटं झालेली, तारीख तीच. टोंगा तेरा तास पुढे. तिथे रात्रीचे ११:५९, तारीख तीच. आपल्याकडे दुपारचे ४:२९. उणे दहापासून अधिक तेरापर्यंत सगळ्या पृथ्वीवर या एका मिनिटाला कॅलेंडरचं पान एकच असतं. त्याही पलीकडची थोडी बेटं उरतात, उदाहरणार्थ किरिबातीची चौदा तास पुढे असलेली. त्यांच्यासाठी कोडमध्ये वेगळी सोय आहे. साठवण्याची जुनी जागा तीच, फायली वाचता येतातच, आणि तारीख मात्र जागची हलत नाही.

आता एवढं सगळं मला कसं कळलं, हा या गोष्टीतला महत्त्वाचा मुद्दा आहे. कोड उघडा होता, तक्रारींची नोंदवही उघडी होती, कोणी काय बदललं आणि का बदललं याची नोंद उघडी होती. दुसऱ्या जातीची चूक आतून सापडत नाही. ती बाहेरच्या माणसाला सापडते, ज्याच्या हातात बँकेचं पत्रक आहे आणि ज्याला आठवतंय की हा व्यवहार सोमवारी केला होता. बंद कोडमध्ये तोही माणूस तक्रार करू शकतो, पण उत्तर येईपर्यंत कंपनी राहिली पाहिजे. मायक्रोसॉफ्टनं मनीची विक्री ३० जून २००९ ला थांबवली. २०१० मध्ये लोकांसाठी एक फुकट 'सनसेट' आवृत्ती दिली, हे खरंच चांगलं केलं, पण त्यानंतर त्या कोडमधली चूक दुरुस्त करायला बाहेरच्या कोणालाही वाव राहिला नाही. घरचा हिशेब वीस-तीस वर्षं चालतो. प्रोग्रॅमनं तितकं जगायला हवं, किंवा निदान फाईलनं तरी.

याच विचारातून दुसरी एक वाट निघाली. जॉन विगली यानं २००३ मध्ये लेजर हा प्रोग्रॅम लिहिला. त्यात खिडक्या नाहीत, डेटाबेस नाही. हिशेब साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहायचा आणि प्रोग्रॅम फक्त तो वाचून बेरजा करणार. पुढे त्याच धर्तीवर हास्केलमध्ये एचलेजर आणि पायथॉनमध्ये बीनकाउंट आले. तिथे तारीख म्हणजे तुम्ही टाइप केलेली अक्षरं. पुण्यात लिहा, कॅलिफोर्नियात वाचा, १ एप्रिल तो १ एप्रिलच. बाबांच्या वहीला टाइमझोन नव्हता, तसंच. :) अर्थात सगळ्यांना असलं कोरडं टायपिंग झेपत नाही, आणि ग्नूकॅशचं मराठी भाषांतरही आहे, त्यामुळे घरातल्या मोठ्यांना ते जास्त जवळचं वाटेल.

कुठलंही वापरा, पण प्रोग्रॅम 'ताळा जुळला' म्हणाला म्हणून त्याचं शेवटचं मानू नका. त्यानं फक्त एवढंच तपासलं आहे, की तुम्ही लिहिलेल्या दोन बाजू एकमेकींशी सहमत आहेत. दोघी मिळून चुकीच्या असू शकतात. महिन्यातून एकदा बँकेचं पत्रक आणि फंडाचं पत्रक शेजारी ठेवून ओळ न् ओळ लावून पाहा. रक्कम तर पाहाच, तारीखही पाहा. अर्धा तास लागतो. मार्च आणि एप्रिलच्या सांध्यावर जरा जास्त.